हजेरीपटातील तिसरा रकाना

सोयाबीनची मळणी उरकून साखरखेर्ड्याच्या शिवारात कापसाची वेचणी ऐन भरात आलेली असते, त्याच दिवसांत आमच्या कबड्डीच्या शिबिराची सिद्धता सुरू होते. इथली काळी माती पिकाला जितकी उदार, तितकीच खेळाडूच्या पायाला घातक आहे. ओली असता ती तळव्याला धरून ठेवते आणि वाळली की तिच्या भेगांत टाच अडकते. म्हणून 13 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद एवढी जागा खोदून, तीत मुरूम भरून, त्यावर चाळलेली माती पसरून आणि रोज सायंकाळी पाणी शिंपडून तिचा पोत सारखा झाला, म्हणजे मगच मी मुलांना मध्यरेषेजवळ उभे राहू देतो. आसपासच्या खेड्यांतून तीस-पस्तीस मुले येतात. दहा दिवसांनी मला एका कागदावर 12 नावे लिहून खाली सही करावयाची असते, आणि त्या बारांतूनही एका वेळी मैदानात उतरतात ते सातच.

नाव लिहिणे सोपे असते. कठीण असते ते न लिहिणे. चढाई करणाऱ्याचा गुण भोवती जमलेल्या गर्दीलाही पहिल्याच दिवशी कळतो, कारण त्याचे पदलालित्य, त्याचा दम, निदान रेषा ओलांडून टाळी देऊन परतण्याची त्याची चपळाई ही सर्वांच्या डोळ्यांसमोरच घडते. कोपरा सांभाळणाऱ्याची परीक्षा तशी होत नाही. त्याने वाकून घोटा धरला आणि त्याच क्षणी शेजारचा मध्यरक्षक कंबरेला भिडला नाही, तर उत्तम पकडही वाया जाते. म्हणून तो किती वेळा पकड करतो यापेक्षा, पकड करण्यापूर्वी शेजाऱ्याकडे न पाहताही शेजारी कोठे आहे हे त्याला कळते की नाही, हे मी पाहतो, आणि हे कळण्यास चौथा-पाचवा दिवस उजाडावा लागतो. संघ म्हणजे बारा उत्तम खेळाडूंची मोळी नव्हे. एकेकटे पाहता सरस ठरणारे दोन कोपरारक्षक मी गाळले आहेत आणि एकमेकांच्या श्वासावर खेळणारी मध्यम कुवतीची जोडी ठेवली आहे. त्याबद्दल गावातील जाणत्यांचा रोषही पत्करला आहे, आणि तो निर्णय मला आजही योग्यच वाटतो.

परंतु ज्या निर्णयाविषयी मला लिहावयाचे आहे तो याहून निराळा आहे. शिबिराच्या सहाव्या-सातव्या दिवशी कोणाचा तरी पाय मुरगळतो, कोणाचा खांदा निखळतो, कोणाच्या गुडघ्यातून काहीतरी तुटल्याचा आवाज येतो. आणि ज्याला इजा झाली तोच मुलगा ती झाली नसल्याचे सर्वांहून अधिक आग्रहाने सांगू लागतो. यात त्याचा अपराध नाही. खेळाडूंसाठी सरकारी नोकऱ्यांत 5 टक्के जागा राखीव आहेत, त्यांवर हक्क सांगावयाचा तर विहित स्तरावरील स्पर्धांतील कामगिरीचे प्रमाणपत्र पदरी असावे लागते, आणि तेथवर नेणाऱ्या वाटेची पहिली पायरी म्हणजे माझ्या हातातील तो कागद. दोन-तीन एकर कोरडवाहू जमिनीवर ज्याच्या घरचा संसार चालतो, त्या मुलाला ‘आज दुखते आहे’ हे तीन शब्द किती महाग पडू शकतात, हे मी जाणतो. ‘काही नाही सर, जरासा मुरगळला, उद्यापर्यंत होते बरा,’ असे तो हसून सांगतो, आणि सांगताना शरीराचा भार दुसऱ्या पायावर घेतो.

म्हणून इजा ओळखण्याचे माझे खरे ठिकाण मैदान नव्हे, जेवणाची पंगत आहे. मैदानावर मुलगा सावध असतो. मी पाहतो आहे हे त्याला ठाऊक असते, आणि दहा-पंधरा मिनिटे वेदना दाबून धरण्याइतकी त्याच्या वयात रगही असते. भाकरी पानात पडल्यावर मात्र ही सावधगिरी सुटते. मांडी घालून बसलेल्या ओळीत ज्याचा एक पाय पुढे सरकतो, जो उठताना शेजाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवतो, जो ओट्याची पायरी उतरताना दर वेळी तोच पाय आधी खाली टाकतो, त्याचे नाव मी मनात टिपून ठेवतो, आणि रात्री सगळे निजल्यावर त्याला एकट्याला बोलावतो. चारचौघांत विचारले तर तो खोटे बोलेल, आणि एकदा बोललेल्या खोट्याला मग त्याला अखेरपर्यंत जागावे लागेल.

ही नजर मला फार उशिरा आली, आणि तिची किंमत दुसऱ्याने चुकविली. पुष्कळ वर्षांपूर्वी, ऐन पौषातील एका स्पर्धेच्या आठ दिवस आधी, माझ्या सर्वोत्तम चढाईपटूचा गुडघा सुजला होता. चौथ्या दिवशी सूज उतरली, तो सरळ रेषेत धावून दाखवू लागला आणि मी समाधान पावलो. गुडघ्यात मांडीचे व नडगीचे हाड बांधून ठेवणारा पुढचा अस्थिबंध तुटला, तरी सूज ओसरल्यावर मनुष्य चालू शकतो, पुष्कळदा धावूही शकतो. पाय रोवून अंग वळविले की मात्र तोच गुडघा दगा देतो, हे मला त्या वेळी ठाऊक नव्हते. आणि कबड्डी तर सारी पाय रोवून वळण्यातच आहे. दुसऱ्या सामन्यात, कोणाचाही स्पर्श झालेला नसताना, तो निदान रेषेपाशी कोसळला. त्याच्या वडिलांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. ‘सर, तुम्ही काय मुद्दाम केलं का,’ एवढेच ते म्हणाले. तो मुलगा पुन्हा खेळला नाही. त्याचे नाव मी पुढच्या वर्षीच्या यादीतून काढले, त्याच्या जागी दुसरे घातले, आणि त्याला शिबिराला बोलावण्याचेही मला सुचले नाही. गुडघ्याविषयीच्या अज्ञानाला मी आता क्षमा करू शकतो. या विसरण्याला नाही.

शारीरिक शिक्षणाचे धडे मी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात घेतले. 1936 साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखविणारी ती संस्था; तेथील आखाड्यात जुन्या हुतूतूचे तीन प्रकार आम्हांला समजावून सांगण्यात आले होते. ‘अमर’ प्रकारात बाद झालेलाही मैदानातच राही आणि केवळ गुण मोजला जाई, ‘गामिनी’त एकदा बाद झालेला, सगळा संघ बाद होईतो, बाहेरच बसून राही, आणि ‘संजीवनी’त प्रतिपक्षाचा एक गडी बाद झाला की आपला एक गडी जिवंत होऊन आत येई. आजची कबड्डी या तिसऱ्या प्रकारातून आली आहे, आणि तीत बाद झालेले गडी ज्या क्रमाने बाहेर गेले त्याच क्रमाने परत येतात, हा नियम मी हजारो वेळा मुलांना शिकविला आहे. मैदानावर संजीवनी शिकविणारा मी, कागदावर मात्र इतकी वर्षे गामिनी खेळत होतो. माझ्या हजेरीपटात दोनच रकाने होते: घेतलेले आणि गाळलेले. जखमी मुलगा दुसऱ्या रकान्यात जाई, आणि तेथून परतण्याचा मार्ग कोठेही लिहिलेला नसे.

याच गावाच्या परिसरात 11 ऑक्टोबर 1724 रोजी निजाम-उल्-मुल्क आणि मुबारिजखान यांची लढाई झाली. मुबारिजखान मारला गेला, निजामाने गावाला फत्तेखेडा हे नाव दिले, आणि दक्षिणेतील पुढचा सारा इतिहास या एका दिवसाने वळविला. शाळेत हा धडा शिकविताना जिंकलेल्याचे आणि मेलेल्याचे नाव मुले पाठ करतात. जायबंदी होऊन जे घरी गेले त्यांचे काय झाले, असा प्रश्न मला एका मुलीने विचारला होता आणि माझ्यापाशी उत्तर नव्हते. परंतु सिंदखेडराजा आमच्याच तालुक्याचे ठिकाण, जिजाऊंचे माहेर. आणि त्यांच्या पुत्राने प्रतापगडच्या युद्धानंतर जखमी झालेल्या लोकांस, ज्याची जशी जखम तसे होन दिल्याचा उल्लेख सभासदाच्या बखरीत आहे. म्हणजे जखमींची स्वतंत्र मोजदाद ही काही परकी किंवा नवी कल्पना नव्हे.

जेथे खेळ हा व्यवसाय आहे तेथे ती रीतसर दफ्तरी नोंदली जाते. अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये उन्हाळी शिबिराला 90 पर्यंत खेळाडू येतात आणि ऑगस्ट संपता संपता यादी 53 वर आणावी लागते. परंतु त्यांच्याकडे जायबंदींची यादी वेगळी असते, तीत गेलेला खेळाडू किमान 4 सामने बाहेर राहतो, त्याचे वेतन चालू राहते आणि त्याची जागा दुसऱ्याला तात्पुरती मिळते. आपल्याकडे 2014 साली प्रो कबड्डी सुरू झाल्यापासून या खेळालाही वैद्य, उपचारक आणि बदली खेळाडूचे नियम लाभले. 2024 च्या मार्चमध्ये पुणेरी पलटणला विजेतेपद मिळवून देणारा कर्णधार अस्लम इनामदार त्याच वर्षीच्या पुढील हंगामात गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर गेला, तेव्हा तो कोठे आहे आणि का आहे हे साऱ्या महाराष्ट्राला माहीत होते. खेड्यातील मुलाची वार्ता त्याच्या आईपलीकडे जात नाही.

माझ्या हजेरीपटात आता तीन रकाने आहेत. तिसऱ्या रकान्यात मुलाचे नाव, इजेची तारीख, डॉक्टरांचा अभिप्राय आणि पुढील तपासणीची तारीख लिहिलेली असते. त्या रकान्यातील मुलगा शिबिराला येतो, पंगतीत जेवतो, रेषेबाहेर बसून गुणपत्रक लिहितो. आणि डॉक्टरांनी लेखी मुभा दिल्यावर त्याची चाचणी त्याच्याच जागेसाठी घेतली जाते, मग त्याला तीन आठवडे लागोत की शस्त्रक्रियेनंतरचे नऊ महिने. एवढे केल्यावर एक गोष्ट अशी घडली की मुले दुखणे आपण होऊन सांगू लागली. सगळी नव्हेत, पण निम्मी तरी.

गावोगाव शिबिरे भरविणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना विनंती आहे की, या हिवाळ्यात वही आखताना एक उभी रेघ अधिक ओढा, आणि गेल्या वर्षी ज्यांना दुखापतीमुळे गाळले त्यांच्या घरी एकदा निरोप पाठवा.