घरातली करवत आणि घरातल्यांचा श्वास

घरामागच्या पडवीत आम्ही दोघे भाऊ सुतारकाम करतो. दिसणारा भुसा झाडूने निघतो. घात करते ती पिठाहून बारीक धूळ. ती बराच वेळ हवेत तरंगते आणि अम्मीच्या, मुलांच्या छातीत उतरते. लाकडाच्या धुळीने माणसाला कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ च्या अहवालात नोंदवले आहे.

म्हणून टेबल करवतीची खालची मोकळी बाजू आम्ही प्लायवुडने बंद केली. आत उतरता पत्रा लावला आणि त्याच्या तोंडाशी भुसा ओढणाऱ्या पंख्याचा ४ इंची पाइप जोडला. हवा आत यायला थोडी फट मात्र ठेवली; हवाच नसेल तर पंखा ओढणार काय? पात्याचे दात भुसा वरही फेकतात, म्हणून पात्यावरच्या झाकणाला दुसरा पाइप दिला. साध्या कापडी पिशवीतून बारीक धूळ पुन्हा खोलीतच येत होती. ती बदलून दाट विणीची लावली. तरीही काम करताना तोंडावर मास्क असतोच, आणि शेवटी झाडूऐवजी ओले फडके फिरवतो.

रोजी घरात आली, ही बरकतच. पण तिची किंमत घरातल्यांच्या श्वासाने चुकवायची नसते.