दारावर थाप कोण देणार?

घरात राहायचे, पण मन सतत उंबरठ्यावर ठेवून राहायचे, अशी सवय काही मुलखांतल्या माणसांना लागते. धाराशिव जिल्ह्यातील उमरगा आणि आजच्या लोहारा तालुक्यातील आमच्या पिढीला ती १९९३ साली लागली. १९९४ च्या जूनमध्ये आपल्या शाळेच्या वसतिगृहात पाचवीला दाखल झालेली आम्ही मुले त्याच भागातून आलो होतो. स्मरणिकेसाठी आठवणी लिहून पाठवा असा निरोप आला, तेव्हा आम्ही काही जण एकत्र बसलो. स्नेहसंमेलने, कबड्डीचे सामने, बुद्ध पौर्णिमेची मिरवणूक यांविषयी इतर तुकड्यांचे मित्र लिहितीलच. आम्हांला लिहावेसे वाटले ते येथे मिळालेल्या एका वेगळ्या शिक्षणाविषयी. घर सोडून कोणत्याही क्षणी निघावे लागेल या धास्तीत कसे जगावे, आणि निघताना कुणालाही मागे कसे ठेवू नये, हे ते शिक्षण होय.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आजच्या विद्यार्थ्यांनी पुस्तकातच वाचली असेल. गणेशविसर्जन आटोपून लोक झोपी गेले होते. ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. रिश्टर मापनावर ६.४ तीव्रतेच्या त्या भूकंपाने लातूर जिल्ह्यातील किल्लारीपासून आपल्या जिल्ह्यातील सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवीपर्यंतची गावे जमीनदोस्त केली. सरकारी नोंदींप्रमाणे सुमारे आठ हजार माणसे गेली. ५२ गावे जुनी जागा सोडून नव्या ठिकाणी वसवावी लागली.

धरणीने आधी काहीच सांगितले नव्हते, असे मात्र नाही. १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात किल्लारी परिसरात धक्क्यांची मालिकाच झाली होती. जमिनीखालून गडगडाट ऐकू येई, भांडी वाजत. काही कुटुंबे घराबाहेर झोपू लागली. पुढे धक्के ओसरले, थंडी वाढली आणि माणसे पुन्हा माळवदाखाली परतली. त्या वेळच्या भूकंप-नकाशात आपला भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात दाखवलेला होता. तो तिसऱ्या क्षेत्रात गेला २००२ साली, म्हणजे सर्व होऊन गेल्यानंतर. नकाशा निर्धास्त होता आणि घराला पर्याय नव्हता. अशा वेळी इशारा कळूनही माणूस जाणार कोठे?

माळवदाच्या घरांविषयी थोडे सांगायला हवे. दोन-अडीच फूट जाडीच्या, मातीत रचलेल्या दगडी भिंती. त्यांवर लाकडी तुळया आणि तुळयांवर मातीचा जाड थर. पावसाळ्यापूर्वी गळती थांबवण्यासाठी त्यावर आणखी माती पडे. उन्हाळ्यात असे घर गारवा देई आणि गावात प्रतिष्ठाही देई. परंतु भिंतीच्या आतल्या व बाहेरच्या दगडांना एकमेकांत गुंफणारे लांब दगड त्यात क्वचितच असत. हादरा बसताच दोन्ही बाजू फुगून सुटल्या आणि वरची सगळी माती झोपलेल्यांवर आली. गावकुसाबाहेर कुडाच्या, छपराच्या, पत्र्याच्या घरांत राहणारी पुष्कळ माणसे यातून वाचली, कारण त्यांच्या डोक्यावर पडण्याजोगे फारसे काही नव्हते. शतकानुशतके ज्यांना दगडी घर बांधू दिले गेले नाही, त्यांना त्या पहाटे त्या वंचनेनेच वाचवले. आमच्यापैकी अनेक जण अशाच घरांतले. वाचल्याचा आनंद आम्हांला करता आला नाही. ढिगाऱ्याखाली जे होते ते आमचेच गाव होते, आणि ढिगारे उपसायला आमच्याच वस्तीतील हात सर्वांत आधी पोहोचले होते.

त्यानंतरचे वर्ष आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये काढले. लहान धक्के कित्येक महिने बसत राहिले. ‘आज रात्री पुन्हा होणार’ अशी आवई आठवड्यातून एकदा तरी उठे. मग थंडीत अंथरुणे उचलून सगळे उघड्या रानात. पहाटे परत. दोन-चार वेळा असे झाले की जाणती माणसे निघेनाशी होत. त्यांचा हट्ट आम्हांला तेव्हा समजत नसे, आज समजतो. निघणे म्हणजे केवळ चालू लागणे नव्हे. दावणीची म्हैस कोण सोडणार? कणगीतील ज्वारी, सात-बाराचा उतारा, रेशनकार्ड, मुलीच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेले चार दागिने यांचे काय? ज्याचे सर्वस्व एकाच खोलीत असते, त्याला त्या खोलीतून बाहेर पडणे सर्वांत महाग पडते. ज्याचा पैसा बँकेत आणि आप्त पुण्यात, तो हलक्या पावलांनी निघू शकतो.

पुनर्वसनाची घरे आली तीही जमिनीच्या हिशेबाने. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, त्याहून अधिक असलेल्यांना ४००, आणि सात हेक्टरांवर जमीन असलेल्यांना ७५०. घरे पक्की झाली, याबद्दल कृतज्ञता आहेच. परंतु अनेक नव्या गावांच्या सरळ रेषांतही जुन्या वस्त्यांची मांडणी तशीच उतरली. जे कडेला होते ते कडेलाच राहिले.

अशा मनःस्थितीत आम्ही शाळेत आलो. भूकंपग्रस्त मुलांसाठी त्या काळात अनेकांनी दारे उघडली होती. भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली. आपल्या जिल्ह्यात नळदुर्गला पन्नालाल सुराणा आणि राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी ‘आपलं घर’ उभे केले. आम्हांला आपल्या शाळेने घेतले. पहिल्या रात्री आमच्यापैकी कुणीही वसतिगृहाच्या स्लॅबखाली झोपायला तयार नव्हते. गुरुजींनी आग्रह केला नाही. त्यांनी आमची अंथरुणे व्हरांड्यात घातली आणि स्वतःचेही तेथेच घातले. आठवडाभर ते आमच्यासोबत बाहेर झोपले. आठव्या दिवशी त्यांनी बांधकाम करणाऱ्या मिस्त्रींना बोलावून कोणते खांब, कोणत्या तुळया, सळई कोठून कशी गेली आहे, हे आम्हांला दाखवले. मग आम्ही आत गेलो. भीती घालवायची तर ‘घाबरू नका’ म्हणण्यापेक्षा खांब दाखवावा, हे आम्ही तेथे शिकलो.

भन्तेजी वंदनेनंतर अनित्यतेविषयी बोलत. त्याचा अर्थ आम्हां मुलांना समजावून सांगावा लागत नसे. तो आम्ही घरी पाहूनच आलो होतो. शिकावा लागला तो अप्रमाद. जागे राहणे वेगळे आणि भीतीने झोप उडणे वेगळे, हा भेद कळायला आम्हांला दोन-तीन वर्षे लागली. वसतिगृहात त्याचे रूप अगदी साधे होते. रात्री दाराला कडी, पण कुलूप कधीच नाही. पेट्या भिंतीकडे, मधली वाट मोकळी. चपला उशाशी. शिट्टी वाजली की मैदानातील लिंबाच्या झाडाखाली जमायचे आणि मोजणी द्यायची. प्रत्येक मोठ्या मुलाकडे दोन लहान मुले सोपवलेली. पोलिओमुळे कुबड्या घेऊन चालणारा आमचा एक मित्र दाराजवळच्या पहिल्या जागेवर झोपे, आणि मोजणी त्याच्या नावापासून सुरू होई.

हा सराव भूकंपासाठी म्हणून सुरू झाला, पण कामी आला तो वणव्याच्या वेळी. शाळेच्या मागचा बालाघाटचा उतार माघ सरता सरता वाळून पिवळा पडतो. बांधावरचे गवत जाळताना सुटलेली ठिणगी किंवा विडीचे थोटूक डोंगर पेटवायला पुरेसे होते. म्हणून दरवर्षी होळीआधी आम्ही कुंपणाबाहेरचे गवत कापून, वनखाते काढते तशी जाळरेषा काढत असू. आग चढावर वेगाने धावते, उतारावर हळू येते, हे गुरुजींनी तेथेच शिकवले. वाऱ्यावर उडणाऱ्या ठिणग्यांना मात्र चढ-उतार नसतो, हेही.

एका चैत्रात रात्री दहाच्या सुमारास उतार पेटला. धूर वसतिगृहावर उतरू लागला. शिट्टी वाजली आणि आम्ही रांगेने सडकेकडे निघालो. सडकेवर मोजणी झाली, तर सहावीतील एक मुलगा कमी. काही क्षणांतच तो आला. स्वयंपाकघरामागच्या खोलीत राहणाऱ्या मावशींचा हात धरून त्याने त्यांना आणले होते. दिवसभराच्या कामाने त्यांना गाढ झोप लागली होती. मोजणीच्या यादीत विद्यार्थी होते, शिक्षक होते. आम्हां सर्वांना जेवू घालणाऱ्या मावशी नव्हत्या. ती आग जाळरेषेपाशी थांबली, कौल एकही तडकले नाही. दुसऱ्या दिवशी यादी नव्याने लिहिली गेली आणि तिच्यात मावशी आल्या, रखवालदार आला, त्याची बायको-मुले आली. आमच्या मते त्या वर्षी शाळेने घेतलेला सर्वांत महत्त्वाचा ठराव तोच होता.

या गोष्टीचा पुरता अर्थ आम्हांला लागला तो अलीकडे. आमच्यातील एक जण संगणकाच्या कामानिमित्त अमेरिकेत, लॉस एंजेलिस परगण्यात राहतो. ७ जानेवारी २०२५ रोजी तेथे प्रचंड वादळी वाऱ्यात वणवे पेटले. पॅलिसेड्स आणि ईटन या दोन मोठ्या वणव्यांत मिळून सोळा हजारांहून अधिक इमारती जळाल्या. त्या देशात अशा वेळी दोन पायऱ्यांनी सूचना मिळते. पहिली ‘तयार राहा’, दुसरी ‘निघा’. आमच्या मित्राच्या गल्लीला पहिली मिळाली होती. दाराशी दोन पिशव्या ठेवून ते कुटुंब कित्येक रात्री कपड्यांनिशी झोपले. त्यातच ९ जानेवारीला चुकीने साऱ्या परगण्यातील फोनवर सूचना गेली आणि लाखो माणसे विनाकारण दचकली. फोनवर तो म्हणाला, “अरे, इथेही आवई उठते. फक्त ती सरकारच्या नावाने येते.”

ईटनच्या वणव्यात अल्टाडेना नावाचे गाव जळाले. आग ७ तारखेच्या संध्याकाळी लागली. गावाच्या पूर्व भागाला निघण्याची सूचना त्याच संध्याकाळी मिळाली. पश्चिम भागाला ती मिळाली पहाटे तीन वाजून गेल्यावर. त्या वणव्यात मेलेल्यांपैकी जवळजवळ सर्व पश्चिम भागातील होते, आणि त्यांत वृद्ध व अपंग अनेक. हा पश्चिम भाग म्हणजे कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती. एके काळी इतर ठिकाणी घर घेऊ दिले जात नव्हते म्हणून ती माणसे तेथे स्थिरावली होती. आम्ही हे वाचले आणि आमच्या डोळ्यांपुढे आमची गावकुसाबाहेरची वस्ती उभी राहिली. ज्या देशाकडे उपग्रह आहेत, विमाने आहेत, घरोघरी फोन आहेत, तेथेही सूचना कडेच्या माणसापर्यंत सर्वांत उशिरा पोहोचली.

आपल्या जिल्ह्यातही त्याच वर्षीच्या सप्टेंबरात महापूर आला. परंडा, भूम भागात शेतवस्त्या पाण्याने वेढल्या आणि माणसांना काढण्यासाठी एन.डी.आर.एफ. व लष्कराच्या पथकांना यावे लागले, हेलिकॉप्टरही उतरले. दुष्काळाच्या जिल्ह्यात पुराने घर सोडावे लागेल, हे आमच्या आजोबांना सांगितले असते तर ते हसले असते. भूकंप सांगून येत नाही. पूर आणि वणवा बहुधा काही तास आधी सांगतात. त्या काही तासांत सूचना कोणाच्या दारापर्यंत जाते आणि कोणाच्या दाराआधीच थांबते, यावर पुढचे सारे ठरते.

म्हणून माजी विद्यार्थी आणि पालक बंधू-भगिनींना आमची एक विनंती आहे. आपण ज्या गावात, ज्या वस्तीत राहतो तेथे एक वही करावी. एकटी राहणारी वृद्ध माणसे, अंथरुणाला खिळलेले, कानाने ऐकू न येणारे, बाळंतिणी, ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची घरी राहिलेली मुले, वीटभट्टीवरची परगावची कुटुंबे, या सर्वांची नावे तिच्यात आधी लिहावीत. प्रत्येक नावापुढे दुसरे एक नाव लिहावे : त्याच्या दारावर थाप कोण देणार, त्याचे. कागदपत्रे एका पिशवीत ठेवावीत. जनावरांची दावी पटकन सुटतील अशी बांधावीत. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक घरातील लहान मुलालाही पाठ असावा. आवई उठली तर हसू नये आणि पळूही नये. आधी विचारून खात्री करावी.

शाळेकडेही एक मागणे आहे. नव्या इमारती झाल्या, संगणककक्ष झाला, याचा आम्हांला अभिमान वाटतो. होळीआधीची जाळरेषा आणि रात्रीची मोजणी मात्र बंद पडू देऊ नये. त्यासाठी लागणारे विळे, शिट्ट्या, विजेऱ्या दरवर्षी आमची तुकडी देईल. आणि दर जूनमध्ये नवी मुले येतील तेव्हा मोजणीची यादी नव्याने लिहिताना, लिहिणाऱ्याने एकदा मान वर करून विचारावे : कुणाचे नाव राहिले?