भरतीची वाट

तिथीला तिनाने गुणायचं आणि चाराने भागायचं. कोकण किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याचा हा जुना ठोकताळा. अष्टमीला भरती साधारण सहाला, म्हणजे ओहोटी बाराच्या सुमारास. ठाण्यापर्यंत पाणी चढायला आणखी थोडा वेळ लागतो. तरी कांदळवनात सफाईला उतरणाऱ्या स्वयंसेवकाला हा हिशेब यायलाच हवा. चिखल उघडा मिळतो तो जेमतेम काही तास.

त्या चिखलात तिवराच्या बुंध्याभोवती पेन्सिलीसारखी मुळं वर आलेली दिसतात. खालच्या गाळात प्राणवायू जवळपास नसतो, म्हणून झाड या मुळांवाटे श्वास घेतं. अमावास्येच्या उधाणाला पाणी पार आतवर शिरतं आणि पिशव्या, थर्माकोल, निर्माल्य याच मुळांवर सोडून मागे फिरतं. चिखलात घोट्यापर्यंत रुतून, मूळ न मोडता एकेक पिशवी सोडवणं हे फार चिकाटीचं काम. ते करणाऱ्या मुलामुलींबद्दल मनापासून आदर वाटतो.

पण पिशव्यांहून घातक आहे राडारोडा. ठाणे, मुंब्रा, दिवा किंवा डोंबिवलीचं मोठागाव रेतीबंदर, खाडीकाठी कुठेही बांधकामाच्या मातीचा भराव पडला की भरतीची वाट अडते. पाणी येईनासं होतं आणि झाडं उभ्या उभ्या वाळतात. मेलेल्या कांदळवनाला ‘मोकळी जमीन’ म्हणायला मग कुणालाच वेळ लागत नाही.

इथे स्वयंसेवकाच्या हातातला मोबाइल फावड्याइतकाच उपयोगी पडतो. मुंबई उच्च न्यायालयाने 2018 च्या निकालात कांदळवनाची नासधूस हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग मानला आणि जमीन कुणाच्याही मालकीची असो, कांदळवनाभोवतीच्या 50 मीटर पट्ट्यात बांधकामाला मनाई केली. ठिकाण आणि तारखेसह काढलेला भरावाचा फोटो हा तक्रारीचा कणा असतो. ‘आपलं पर्यावरण’ हे मासिक चालवणाऱ्या ठाण्याच्या पर्यावरण दक्षता मंडळासारख्या संस्थांनी ही सजगता शहरात रुजवली.

आता जरा कटू वाटेल असं. पाणथळ जागा वाचवायची म्हणजे झाडं लावायची, हा समज उत्साही मंडळींनी सोडायला हवा. ओहोटीला उघडी पडणारी चिखलाची मैदानं रिकामी नसतात. रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, डोकं उलटं करून चोचीने तिथलंच शेवाळ आणि बारीक जीव गाळून खातो. तिथे रोपं लावली तर त्याचं ताट काढून घेतल्यासारखंच होईल. ठाणे खाडीचा 1690 हेक्टरचा भाग 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आला, त्यात कांदळवनाइतकंच या उघड्या चिखलाचं आणि पाण्याचं मोल आहे. भराव काढून चर मोकळे केले, तर तिवराच्या बिया भरतीबरोबर आपसूक येतात आणि हव्या तिथे रुजतात.

कल्याणजवळ मोहने इथे उल्हास नदीवर प्रश्न गोड्या पाण्याचा आहे, पण दुखणं याच जातीचं. सांडपाण्यावर पोसलेली जलपर्णी पात्र झाकून टाकते. 2021 मध्ये कार्यकर्ते थेट नदीच्या पात्रात आंदोलनाला बसले. नुसती जलपर्णी उपसून भागणार नाही, नदीत येणारे सांडपाण्याचे नाले बंद करा, हा त्यांचा आग्रह अगदी नेमका होता. जलपर्णीचं बी गाळात वर्षानुवर्षं जिवंत राहतं. उपसलेली रोपं काठावरच टाकली तर पहिल्या पावसात ती पुन्हा पात्रात येतात, आणि वरून नाला वाहत असेल तर दोन-तीन आठवड्यांत दुप्पट होतात.