हेस्टिंग्जची लढाई आणि 'बॅटल'चे मैदान

लंडनच्या चेअरिंग क्रॉस स्टेशनवरून हेस्टिंग्जकडे जाणारी गाडी धरली की सुमारे दीड तासात 'बॅटल' नावाचे स्टेशन लागते. बॅटल म्हणजे लढाई. गावालाच लढाईचे नाव! उन्हाळ्याच्या सुट्टीत लंडनला नातेवाइकांकडे गेले होते, तेव्हा मी मुद्दाम इथे उतरले. शाळेत इतिहास शिकवताना '१०६६ : हेस्टिंग्जची लढाई' एवढे एका वाक्यात सांगून आपण पुढे जातो. हेस्टिंग्ज शहर मात्र इथून दहा किलोमीटरवर, समुद्रकाठी आहे.

त्या वर्षी जानेवारीत इंग्लंडचा राजा एडवर्ड वारला आणि हॅरॉल्ड गादीवर बसला. समुद्रापलीकडे नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम म्हणू लागला, गादीचा शब्द मला दिला होता. सप्टेंबरमध्ये उत्तरेकडून नॉर्वेचा राजा चालून आला. हॅरॉल्डने यॉर्कजवळ त्याचा पराभव केला. तीनच दिवसांनी, २८ सप्टेंबरला, विल्यम दक्षिण किनाऱ्यावर उतरला. हॅरॉल्डचे थकलेले सैन्य सुमारे तीनशे किलोमीटर चालून लंडनला आले आणि तिथून इकडे. १४ ऑक्टोबरला सकाळपासून अंधार पडेपर्यंत लढाई चालली. टेकडीवर ढालींची भिंत करून उभे राहिलेले सॅक्सन अखेर हरले. हॅरॉल्ड मारला गेला आणि नाताळच्या दिवशी विल्यमने मुकुट घातला.

ही झाली हकीकत. आता पुरावा पाहू. इतके मोठे रण झाले, तर इथे तलवारी, बाण, हाडे सापडायला हवीत. परंतु खात्रीने त्याच लढाईचे म्हणता येईल असे शस्त्र किंवा हाड या मैदानात आजवर सापडलेले नाही. माती आम्लयुक्त असल्याने हाडे विरघळली असावीत, असे एक कारण सांगतात. नंतरच्या बांधकामासाठी टेकडीचा माथाही कापून सपाट केला गेला. जवळच्या काल्डबेक टेकडीवर लढाई झाली, असे काही अभ्यासक मानतात. २०१३ मध्ये टीव्हीच्या एका संशोधक पथकाने तिसरीच जागा सुचवली, ती आजच्या रस्त्यावरची! सॅक्सनांच्या जुन्या बखरीत जागेची खूण म्हणून फक्त एक जुने सफरचंदाचे झाड येते.

मग साक्षीदार कोण? सविस्तर वर्णन लिहिणारा विल्यम ऑफ पॉइटियर्स हा विजेत्याचाच धर्मगुरू. तो स्वतः लढाईत नव्हता. फ्रान्समधील बायू गावी जपलेल्या सुमारे सत्तर मीटर लांब भरतकामात हॅरॉल्डच्या डोळ्यात बाण दिसतो. पण त्या कापडाची एकोणिसाव्या शतकात डागडुजी झाली आणि तो बाण मुळात तसाच होता का, यावर अजून वाद आहे. ज्यांची घरे जळाली त्यांचे शब्द फार थोडे उरले आहेत. वीस वर्षांनंतर विल्यमनेच केलेल्या जमीन-मोजणीच्या दप्तरात मात्र या भागातील कित्येक गावांपुढे 'उजाड' अशी नोंद आहे. मला ती एका शब्दाची नोंद लांबलचक वर्णनांपेक्षा अधिक बोलकी वाटली.

मैदानाच्या माथ्यावर विल्यमने मठ बांधला. हॅरॉल्ड जिथे पडला तिथेच मुख्य वेदी हवी, असा त्याचा आग्रह होता, असे मठाची बखर सांगते. ती जागा आज अवशेषांत एका शिळेने दाखवतात. हे विजयाचे स्मारक म्हणावे, तर दुसरी बाजूही आहे. १०७० मध्ये पोपच्या प्रतिनिधींनी नॉर्मन सैनिकांना या रक्तपाताबद्दल प्रायश्चित्त फर्मावले होते. मठ त्या पापक्षालनाचाही भाग मानला जातो.

आज मठाच्या इमारतीच्या एका भागात शाळा भरते. तिथल्या मुलाला कोणी विचारत नाही, की तू सॅक्सनांचा की नॉर्मनांचा? कोर्ट, जज, जेल, पार्लमेंट हे शब्द नॉर्मनांच्या फ्रेंचमधून आले आणि इंग्रजीच होऊन गेले. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. अर्ज, वकील, फिर्याद, हुकूम हे फारसीतून आलेले शब्द मराठी माणूस कचेरीत सहज बोलतो, तेव्हा त्यालाही ते परके वाटत नाहीत.

तेव्हा पालकांना एवढेच सुचवावेसे वाटते. मूल शाळेतून येऊन 'अमक्याने तमक्यावर स्वारी केली' असे सांगू लागले, तर त्याला गप्प करू नका आणि चिथवूही नका. त्याच्याजवळ बसा आणि तीन प्रश्न विचारा : हे कोणी लिहिले? केव्हा लिहिले? हरलेल्याचे म्हणणे कुठे मिळेल? बॅटलच्या मैदानावर साडेनऊशे वर्षांनंतरही अभ्यासक हेच प्रश्न विचारत आहेत.