नाक्काच्या वनातील वाटशोध

स्वीडनची राजधानी स्टॉकहोम चौदा बेटांवर वसलेली आहे, हे अनेकांना ठाऊक असते. या नगरीच्या आग्नेयेस लागून असलेल्या नाक्का परिसरातील वनांत एका जागतिक खेळाला त्याचे आजचे रूप मिळाले, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या कानावर आलेली नसते. त्या खेळाचे नाव ओरिएंटियरिंग. हाती नकाशा व होकायंत्र घ्यावयाचे, वनात ठिकठिकाणी लपविलेल्या खुणा ठरलेल्या क्रमाने शोधावयाच्या आणि हे सारे धावत, कमीत कमी वेळात पार पाडावयाचे, असे त्याचे थोडक्यात स्वरूप आहे. शहराच्या मध्यभागी असलेल्या स्लुसेन येथून बसने निघाले, की अर्ध्या तासाच्या आत हेलासगोर्डेन हे वनविहाराचे केंद्र येते. समोर एक मोठे सरोवर, मागे देवदार आणि चीड यांचे रान, आणि त्या रानात शिरणाऱ्या अनेक पायवाटा. नाक्का वनाचा परिचय येथूनच सुरू होतो.

या भूमीची घडण समजल्याखेरीज त्या खेळाचे मर्म उमगत नाही. हिमयुगात हा सर्व प्रदेश बर्फाच्या प्रचंड थराखाली दबलेला होता. तो थर उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकत गेला तेव्हा त्याने खडकांच्या उत्तर बाजू घासून गुळगुळीत केल्या आणि दक्षिण बाजू तोडून खडबडीत ठेवल्या. बर्फाचा भार उतरल्यापासून येथील जमीन हळूहळू वर येत आहे. आजही दरवर्षी ती काही मिलिमीटरने उंचावते. परिणामी नाक्काचे रान सपाट नाही. लहान लहान टेकाडे, त्यांवर उघडा कातळ, कातळाच्या भेगांत मुळे रोवून उभी असलेली चिडाची झाडे, खालच्या घळीत देवदाराची दाट सावली आणि मध्येच पाऊल रुतावे अशी शेवाळाची दलदल. शंभर पावलांत भूमीचे रूप तीन वेळा पालटते. चालणाऱ्याला हे मनोरम वाटते. नकाशा वाचत धावणाऱ्याला प्रत्येक पालट हा एक नवा प्रश्न असतो.

वसंत येथे उशिरा आणि सावकाश येतो. मार्चच्या अखेरीस सरोवरावरील बर्फ काळपट व पातळ होऊ लागतो. झाडांना पालवी फुटण्यापूर्वीच, गेल्या वर्षीच्या वाळल्या पानांतून ‘ब्लोसिप्पा’ नावाची इवलीशी निळी फुले डोके वर काढतात. वर पानांचे छत नसल्यामुळे सूर्यप्रकाश थेट भूमीपर्यंत पोहोचतो आणि ही फुले त्या थोड्या दिवसांचा लाभ घेतात. त्यांच्यामागून ‘वीटसिप्पा’ची पांढरी फुले सर्वत्र पसरतात. भूर्जवृक्षांची कोवळी हिरवी पाने दिसू लागतात ती मे महिन्याच्या सुमारास. एप्रिलच्या तीस तारखेस सायंकाळी गावोगावी होळ्या पेटवून हिवाळ्याला निरोप दिला जातो. तोवर दिवस इतका मोठा झालेला असतो, की सूर्यास्त रात्री साडेआठनंतर होतो. कचेरी सुटल्यावर घरी जाऊन, बूट बदलून, पुन्हा वनात दोन तास घालविता येतात. चार-पाच महिने अंधारात काढलेल्या लोकांना या उजेडाचे मोल काय वाटत असेल, याची कल्पना उष्ण देशांतील माणसास सहजी येणार नाही.

वनात धावणारे येथे दोन प्रकारचे दिसतात. पहिल्या प्रकारचे लोक आखलेल्या वाटेवरून धावतात. हेलासगोर्डेन येथून अडीच, पाच व दहा किलोमीटरच्या अशा वाटा निघतात. हिवाळ्यातील अंधारासाठी त्यांवर दिवे लावलेले असतात. याच वनातून ‘सोर्मलांड्सलेडेन’ हा सुमारे एक हजार किलोमीटर लांबीचा पायमार्ग जातो. त्याचा आरंभ ब्यर्कहागेन या मेट्रो स्थानकापाशी होतो आणि झाडांच्या बुंध्यांवरील नारिंगी खुणा पाहत कोणीही त्यावरून चालू अथवा धावू शकतो. वेगात हवा तेव्हा चढउतार करीत, भूमीच्या कलाप्रमाणे धावण्याची ‘फार्टलेक’ ही पद्धतही स्वीडनचीच देणगी आहे. यॉस्टा होल्मेर या प्रशिक्षकांनी ती १९३० च्या दशकात रूढ केली. या शब्दाचा अर्थच मुळी ‘वेगाशी खेळ’ असा आहे.

दुसऱ्या प्रकारचे लोक मात्र वाट सोडून धावतात. ते चालता चालता थबकतात, हातातील कागद फिरवितात आणि सरळ झुडपांत शिरतात. हेच ओरिएंटियरिंगचे खेळाडू.

या खेळाचा उगम सैनिकी शिक्षणात आहे. अपरिचित मुलूख नकाशाच्या आधारे ओलांडणे, या अर्थाने ‘ओरिएंटेरिंग’ हा शब्द स्वीडनच्या लष्करी शिक्षणात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रचारात आला. सामान्य नागरिकांसाठी पहिली स्पर्धा शेजारच्या नॉर्वेत, आजच्या ऑस्लो शहराजवळ, ३१ ऑक्टोबर १८९७ रोजी झाली. तथापि खेळाला खरे वळण लाभले ते स्टॉकहोमच्या मेजर अर्न्स्ट किलांडर यांच्यामुळे. मैदानी शर्यतींकडे तरुणांचा ओढा कमी होत असल्याचे पाहून, पायांबरोबर बुद्धीलाही काम देणारी शर्यत असावी असे त्यांच्या मनाने घेतले. मार्च १९१९ मध्ये, म्हणजे वसंताच्या आरंभीच, त्यांनी नाक्का परिसरात भरविलेल्या स्पर्धेत दोनशेहून अधिक स्पर्धकांनी भाग घेतला. पुढे १९६१ मध्ये दहा राष्ट्रांनी मिळून आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापिला आणि १९६६ मध्ये फिनलंडमधील फिस्कार्स येथे पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली.

या खेळाचा नकाशा ही एक स्वतंत्र विद्या आहे. त्याचे प्रमाण सामान्यतः १:१०,००० किंवा १:१५,००० असते. पहिल्या प्रमाणात कागदावरील एक सेंटिमीटर म्हणजे भूमीवरील शंभर मीटर. सहज धावता येईल असे वन नकाशावर पांढरे राहते. झाडी जसजशी दाट, तसतसा हिरवा रंग गडद होतो. मोकळी जागा पिवळी, पाणी निळे, खडक काळे आणि चढउतार दाखविणाऱ्या समोच्चरेषा तपकिरी. आरंभस्थान जांभळ्या त्रिकोणाने, शोधावयाची ठाणी वर्तुळांनी आणि अखेर दुहेरी वर्तुळाने दर्शविलेली असते. प्रत्यक्ष वनात त्या ठाण्यावर पांढऱ्या व नारिंगी रंगांचे कापडी निशाण टांगलेले असते. खेळाडू बोटात अडकविलेली छोटी इलेक्ट्रॉनिक काडी तेथील यंत्रात घालतो आणि त्याच्या येण्याची वेळ नोंदली जाते. एखादे ठाणे चुकले, तर सर्वांत आधी पोहोचूनही त्याची धाव ग्राह्य धरली जात नाही.

दोन ठाण्यांमध्ये कोणतीही वाट आखून दिलेली नसते, हेच या खेळाचे सार आहे. समजा, पुढील निशाण टेकडीच्या पलीकडे सहाशे मीटरवर आहे. सरळ गेले तर अंतर कमी, पण चढ कठीण आणि वर झाडीत दिशा हरपण्याचा संभव. वळसा घातला तर अंतर नऊशे मीटर, पण ओढ्याच्या काठाने जाता येते आणि ओढा चुकत नाही. कोणता पर्याय स्वीकारावा? अनुभवी खेळाडू निशाणाकडे थेट धाव घेत नाही. निशाणाजवळची एखादी मोठी, न चुकणारी खूण तो आधी निवडतो: वाटेचे वळण, सरोवराचे टोक, मोठा खडक. तेथपर्यंत वेगाने जातो आणि उरलेले थोडे अंतर सावधपणे, पावले मोजीत कापतो. लाभ किती, जोखीम किती आणि चुकल्यास परतण्याची सोय कोणती, हे त्याला धावता धावता ठरवावे लागते. व्यवहारात मुरलेल्या कुटुंबांना हा विचार अपरिचित वाटणार नाही.

जाणूनबुजून दुसऱ्या खेळाडूच्या मागे जाणे नियमबाह्य आहे. वाट दाखविणाऱ्या उपग्रहयंत्राचा आधारही स्पर्धेत घेता येत नाही. आणि तरी वनात पहारा ठेवणारे कोणी नसते. प्रत्येक झुडपामागे पंच उभा करणे शक्यही नाही. स्वीडनच्या शाळांत नकाशाच्या साहाय्याने वाट शोधणे हा शारीरिक शिक्षणाचा भाग आहे. दहा-बारा वर्षांचे मूल हाती नकाशा घेऊन झाडांत एकटे शिरते, तेव्हा त्याच्यासाठी सोपी, वाटांच्या कडेने जाणारी फेरी निवडलेली असते आणि हरवल्यास कोणत्या दिशेने गेले असता मोठा रस्ता लागेल, हेही त्याला सांगितलेले असते. मूल चुकते, थांबते, मागील ओळखीच्या खुणेपर्यंत परत येते आणि पुन्हा निघते. त्या काही मिनिटांत त्याला मदत करणारे कोणी जवळ नसते. म्हणूनच निशाण दिसल्यावर होणारा आनंद सर्वस्वी त्याचा असतो.

एक नियम मात्र लहानथोर सर्वांना सारखाच बंधनकारक आहे. फेरी पूर्ण होवो वा न होवो, प्रत्येकाने अखेरच्या ठाण्यावर येऊन आपली नोंद केलीच पाहिजे. वनात गेलेले किती आणि परतलेले किती, हा ताळा जुळल्याखेरीज आयोजक घरी जात नाहीत. एक जरी कमी भरला, तरी शोध सुरू होतो. न कळविता परस्पर निघून जाणारा इतरांना रात्रभर रानात फिरावयास लावू शकतो, हे तेथे पहिल्याच दिवशी शिकविले जाते.

परक्याच्या मालकीच्या वनात कोणीही असे मुक्तपणे कसे जाऊ शकतो, असा प्रश्न साहजिकच पडतो. स्वीडनमध्ये ‘अलेमान्सरेट्टेन’ म्हणजे निसर्गात वावरण्याचा सर्वांचा हक्क परंपरेने चालत आलेला आहे. १९९४ पासून राज्यघटनेतही त्याचा उल्लेख आहे. मालक कोणीही असो, वनातून चालावे, धावावे, रानबेरी व अळंबी गोळा करावी, यास आडकाठी नाही. पण या हक्काला जोडूनच एक शिकवण येते: कोणास त्रास देऊ नये आणि कशाची नासधूस करू नये. कोणाच्या घराच्या अंगणालगत जावयाचे नाही, पेरलेल्या शेतातून जावयाचे नाही, जिवंत झाडाची फांदी तोडावयाची नाही. ब्लोसिप्पाची रोपे उपटण्यास आणि ती विकण्यास मनाई आहे. १ मार्च ते २० ऑगस्ट या काळात, वन्य जीवांच्या विणीचा व पिल्लांच्या वाढीचा हंगाम असल्याने, वनात कुत्रा मोकळा धावू देता येत नाही. स्पर्धेचे आयोजक जमीनमालकांशी आधी बोलणी करतात. जेथे हरणे व अन्य प्राणी आश्रय घेतात ते भाग नकाशावर जांभळ्या रेघांनी बंद केले जातात आणि खेळाडू त्यांना वळसा घालून जातात. कित्येकदा सर्वांत जवळची वाट त्या रेघांमधूनच गेलेली असते. तरीही वळसा घालावयाचा असतो.

या मर्यादा नाममात्र नाहीत. एक मनुष्य वनातून गेला तर शेवाळ पुन्हा उभे राहते. पाचशे माणसे एकाच जागेवरून गेली, तर तेथे चिखलाची वाट पडते आणि ती भरून येण्यास वर्षे लागतात. म्हणून ठाणी विखरून ठेवणे, तीच जागा पुन्हा पुन्हा न वापरणे, ओल्या भूमीवरून फेरी न नेणे, ही पथ्ये पाळावी लागतात. मालकाचा विश्वास एकदा उडाला, की पुढील वसंतात त्या वनात निशाण लावण्यास संमती मिळणे कठीण होते. शहराला खेटून असलेले रान इतकी वर्षे सर्वांना खुले राहिले, ते अशा असंख्य लहान लहान संयमांच्या बळावर.

नोकरी-व्यवसायानिमित्त स्टॉकहोम येथे राहणारी अनेक मराठी कुटुंबे आहेत आणि त्यांचे आईवडील वसंत-ग्रीष्मात तेथे जातात. त्यांना धावण्याची गरज नाही. नाक्काच्या आखलेल्या वाटांवरून सावकाश चालत हे सारे पाहता येते. एप्रिलमध्येही थंडी बोचरी असते, म्हणून अंगावर दोन-तीन पातळ थर असावेत आणि बुटांचे तळ खरबरीत असावेत. वसंतापासून गवतात गोचिडी असतात. त्यांच्यापासून मेंदूज्वराचा धोका असल्यामुळे लांब विजार घालावी, घरी परतल्यावर अंग तपासावे आणि मुक्काम दीर्घ असेल तर लशीविषयी वैद्यांचा सल्ला घ्यावा. स्वीडनमध्ये निळ्या बेरींचे गरम, गोड सार आवडीने पितात. ते सामान्यतः बटाट्याच्या पिठीने दाट केलेले असते. ज्यांना वर्ज्य असेल त्यांनी घरून शिदोरी न्यावी. सरोवराकाठच्या कातळावर बसून ती अधिकच रुचकर लागते.

वाट सांगणारे यंत्र आज प्रत्येकाच्या खिशात आहे. ते माणसाला मुक्कामी पोहोचविते, परंतु तो कोठून आला आणि त्याच्या डावी-उजवीकडे काय होते, हे त्याला सांगता येत नाही. नाक्काच्या वनात नकाशा घेऊन फिरलेल्या मुलाला मात्र प्रत्येक खडक स्मरतो, कारण तो त्याने स्वतः शोधलेला असतो. कोठे जावयाचे ते पाहणे आणि कोठे जावयाचे नाही ते जाणणे, हे दोन्ही धडे त्याला एकाच कागदावरून मिळतात. त्यांपैकी दुसरा अधिक कठीण आहे. आणि पुढील पिढीला ते वन तसेच लाभावे असे वाटत असेल, तर तोच अधिक मोलाचा आहे.