रात्रीचे साडेतीन युनिट

‘घरात वीज आहे काय?’ या प्रश्नाला आपल्या शासकीय नमुन्यांत होय किंवा नाही अशी दोनच उत्तरे असतात. असे असंख्य नमुने आजवर माझ्या टेबलावरून गेले. या दोहोंच्या मध्ये बरेच काही असते, हे मात्र मला माझ्या घराने शिकवले.

ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस भाड्याचे घर सोडावे लागल्याने आम्ही ग्रेटर नोएडाच्या कडेला बांधलेल्या घरी राहावयास गेलो. तेथे वीजजोडणी मिळण्यास आणखी सात महिने लागले. विलंब कोणाचा, हा या लेखाचा विषय नव्हे. शेजारी डिझेल जनित्रावर विसंबून होते. परंतु वायू गुणवत्ता व्यवस्थापन आयोगाने १ ऑक्टोबर २०२३ पासून राजधानी क्षेत्रात जनित्रांच्या वापरावर निर्बंध घातले होते. म्हणून आम्ही छतावर २ किलोवॉटची सौर पॅनेल आणि जिन्याखाली १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या चार बॅटऱ्या बसवल्या.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला साठा आणि प्रवाह यांतील भेद प्रारंभीच शिकवतात. आमच्या घरी तो भिंतीवरच्या मीटरवर दिसू लागला. पॅनेल हा प्रवाह: स्वच्छ दिवशी किलोवॉटमागे सुमारे ४, म्हणजे एकूण ८ युनिट. बॅटरी हा साठा: कागदावर ७.२ युनिट, पण शिसे-आम्लाची बॅटरी रोज निम्म्याहून अधिक रिकामी केली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून हाती जेमतेम साडेतीन. तिसरी मर्यादा इन्व्हर्टरची: एका क्षणी तो किती भार पेलतो. ७५० वॉटचा मिक्सर पाच मिनिटांत युनिटाचा सोळावा भागच खातो. २ किलोवॉटचा गीझर अर्ध्या तासात पूर्ण युनिट गिळतो. फ्रिज एरवी सोशिक, पण कॉम्प्रेसर सुरू होताना कित्येक पट भार मागतो. त्याच क्षणी मिक्सर चालू असला की इन्व्हर्टर बंद पडे. तेव्हा धुलाई यंत्र, इस्त्री व पाण्याचा पंप यांना सकाळी अकरा ते दुपारी दोन ही वेळ नेमून दिली. आंघोळीचे पाणी गॅसवर तापू लागले.

या अंदाजपत्रकात एक खर्च मात्र अनिवार्य होता. माझ्या वृद्ध आईला रात्री ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागतो. तो सुमारे ३२० वॉटचा. दहा तासांत ३.२ युनिट. इन्व्हर्टरमधील घट धरता रात्रीचा साठा तेवढ्यातच संपे. म्हणून दहानंतर फ्रिजही बंद.

१८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजधानी क्षेत्रात प्रदूषणविरोधी कृती आराखड्याचा, म्हणजे ‘ग्रॅप’चा, चौथा टप्पा लागू झाला. त्या आठवड्यात धुरक्यामागे सूर्य फिकट थाळीसारखा दिसे आणि पॅनेल चार युनिटही देईनात. त्याच हवेमुळे आईला दिवसाही यंत्र लावावे लागे. मागणी वाढवणारे आणि पुरवठा आटवणारे कारण एकच होते. तिसऱ्या रात्री पावणेचारला इन्व्हर्टर धोक्याची सूचना देत वाजू लागला. छाटण्याजोगे काही उरले नव्हते. पत्नीने टॉर्च धरला, मी कोपऱ्यातला ऑक्सिजनचा सिलिंडर ओढून नळी बदलली. आई जागीच होती. म्हणाली, “साताऱ्याला आपण रॉकेल मोजून कंदील लावायचो रे, पण श्वास कधी मोजला नव्हता.”

पहाटेपर्यंत मी सिलिंडरचा काटा पाहत बसलो, आणि मला जुन्या फायली आठवल्या. २००४ च्या व्याख्येनुसार सार्वजनिक ठिकाणांखेरीज १० टक्के घरांत वीज पोहोचली की गाव विद्युतीकृत ठरे. २०१७ च्या ‘सौभाग्य’ योजनेत दुर्गम घरांसाठी २०० ते ३०० वॉटचा सौर संच होता: पाच एलईडी दिवे, एक पंखा, एक प्लग. काळोखापेक्षा पाच दिवे निश्चितच बरे; योजना चुकीची नव्हती. पण नमुन्यात त्या घरापुढे आणि दक्षिण दिल्लीतील वातानुकूलित बंगल्यापुढे तोच एक ‘होय’ उमटे.

२०२४ ची पीएम सूर्यघर योजना घरगुती संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान देते, ते ग्रीडला जोडलेल्या संचालाच. त्यामागील तर्क रास्त आहे: ग्रीड ही सर्वांत स्वस्त बॅटरी होय. मात्र बॅटरीविना असा संच ग्रीड बंद पडताच स्वतःही थांबतो, कारण तारांवर काम करणाऱ्याला धक्का बसता कामा नये. हे अनेकांना वीज गेल्यावरच कळते. ज्या घरात कोणाचा श्वास यंत्रावर चालतो, तेथे ते आधीच सांगितले गेले पाहिजे.

मे २०२५ मध्ये आमची जोडणी आली. गीझर चालू झाला, फ्रिज रात्रभर चालू लागला. बॅटऱ्या मात्र ठेवल्या आहेत, केवळ आईच्या यंत्रासाठी. वीजविषयक नमुन्यात एक रकाना वाढवावा, असे मला अलीकडे वाटते: ‘रात्री किती तास, आणि कशाकशासाठी?’ या रकान्याचे उत्तर एका शब्दात देता येणार नाही, आणि आकडेही आजच्याइतके गोजिरे दिसणार नाहीत. असो. निदान ते खरे असतील.