एकाच कंपनीची दोन टेबलं

इन्शुरन्स कंपनीच्या लेखी मी नेमका कोण, हे मला अजून कळलेलं नाही. पैसे द्यायची वेळ आली तेव्हा तिनं लेखी सांगितलं की हा माणूस दहावी पास आहे, दोन्ही हात शाबूत आहेत, बसून कितीतरी कामं करू शकतो. पुढं मी त्याच कंपनीकडं स्वतःच्या खिशातून अपघात विमा काढायला गेलो, तर तिचंच उत्तर आलं की अर्जदार दिव्यांग आहे, कायमचं उत्पन्न नाही, प्रस्ताव स्वीकारता येत नाही. दोन्ही कागद माझ्या घरी एकाच पिशवीत आहेत.

मी पांढरकवड्याचा. ड्रायव्हर होतो. दहा चक्का गाडी. इथल्या जिनिंगमधून रुईच्या गाठी भरायच्या, खाली दक्षिणेत न्यायच्या, येताना गुंटूरची मिरची नाहीतर मिळेल ते भाडं. हायवे गावाला लागूनच, त्यामुळं आमच्याकडं शेत नसलेला पोरगा स्टेअरिंगवरच जातो, त्यात सांगण्यासारखं काही नाही. 2021 च्या मार्चमध्ये निर्मलच्या अलीकडं रात्री समोरून एक गाडी चुकीच्या बाजूनं आली. तिनं माझी केबिन चेपली आणि ती पळाली, नंबर कोणीच पाहिला नाही. आधी आदिलाबाद, मग नागपूरचं मेडिकल. करोनाची दुसरी लाट चढत होती, खाट मिळाली हेच नशीब. उजवा पाय गुडघ्यापाशी काढावा लागला. वय तेव्हा चाळीस.

घरी आल्यावर मोठ्या भावानं गाडीच्या पॉलिसीची झेरॉक्स आणली. त्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं, ‘ओनर-ड्रायव्हर वैयक्तिक अपघात विमा, 15 लाख’. घरात जरा जीव आला. ड्रायव्हर मी, अपघात माझा, म्हणजे विमाही माझाच असणार! एक पाय गेला तर त्यातले निम्मे मिळतात, म्हणजे साडेसात लाख, इथपर्यंत भावानं हिशेब केला. मग कळलं की तो विमा गाडीच्या मालकाचा असतो. मालक स्वतः गाडी चालवत असताना त्याला काही झालं तर. 2018 च्या सप्टेंबरपासून ही रक्कम एक-दोन लाखांवरून 15 लाख झाली, पण ती मालकासाठी. आमच्या शेठनं त्या गाडीचं स्टेअरिंग पूजेच्या दिवशी हळद-कुंकू लावण्यापुरतंच धरलं होतं. दरवर्षी हप्ता भरला जात होता आणि तो अशा माणसासाठी, जो गाडीत बसतच नव्हता.

पगारी ड्रायव्हरसाठी वेगळी वाट आहे. माझ्या वेळी ती 1923 च्या जुन्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यातून जायची, 2025 च्या नोव्हेंबरपर्यंत तोच चालत होता. मालकानं द्यायची भरपाई, आणि गाडीचा विमा असेल तर ती कंपनी भरते. ड्रायव्हर लोकांना माझं सांगणं आहे की नोकरी धरताना पगार विचारता तशी पॉलिसीही बघायला मागा, पगारी ड्रायव्हरच्या नावानं 50 रुपयांची एक ओळ असते ती आहे का पाहा. शेठ नाक मुरडेल, मुरडू द्या.

आता ही भरपाई तेव्हा मोजायचे कशी, ते सांगायलाच हवं, कारण माझी सगळी तिडीक तिथंच आहे. पगार धरायचा जास्तीत जास्त 15 हजार. 2020 च्या जानेवारीआधी तर 8 हजारच धरत. तुम्ही भत्ता धरून वीस-बावीस हजार कमावत असाल तरी कायद्याला 15 च्या वरचं दिसत नसे. त्याचे 60 टक्के म्हणजे 9 हजार. त्याला वयाच्या आकड्यानं गुणायचं. चाळीस वर्षांसाठी तो 184.17 होता. येतात 16 लाख 57 हजार 530 रुपये. इथपर्यंत ठीक. पण हे पूर्ण कमाई बुडालेल्याला. अर्धवट बुडाली असेल तर किती टक्के बुडाली, त्यासाठी कायद्याच्या मागं एक तक्ता जोडलेला होता. मांडीच्या मध्यापासून गुडघ्याखाली 8.89 सेंटिमीटरपर्यंत कुठंही पाय कापला, तर कमाई बुडाली 60 टक्के. ड्रायव्हरचा पाय असो, कारकुनाचा असो, टेलरचा असो. म्हणजे माझे 9 लाख 94 हजार आणि वरचे साडेसहा लाख कंपनीचे.

कंपनीचं म्हणणं एवढंच होतं, साठ टक्के घ्या. आणि उरलेली चाळीस टक्के कमाई माझ्यात अजून शिल्लक आहे, हे माझ्याच तोंडून काढून घ्यायला त्यांनी वकील उभे केले. यवतमाळला माझ्या दाव्याच्या तारखा चालल्या. उलटतपासणीच्या दिवशी मी कुबड्या घेऊन उभा राहिलो, तर कंपनीच्या वकिलांनीच मला खुर्ची द्यायला लावली. आवाज चढवला नाही, अहो-जाहो सोडलं नाही.

‘शिक्षण?’

‘दहावी.’

‘म्हणजे लिहिता-वाचता येतं.’

‘हो.’

‘डिझेलचा, टोलचा हिशेब कोण ठेवायचं?’

‘मीच.’

‘शेठकडं त्या हिशेबाची कधी तक्रार?’

‘नाही.’

‘दोन्ही हात चांगले आहेत? नजर?’

‘चांगली आहे.’

‘मग एखाद्या वजनकाट्यावर पावत्या लिहायचं काम तुम्ही करू शकता, हे म्हणणं बरोबर आहे?’

मी गप्प. ते म्हणाले, हो किंवा नाही सांगा. मी म्हणालो, ‘करू शकतो, पण मला देते कोण?’ वकील म्हणाले, एवढंच पुरे, आणि खाली बसले. त्यांना ‘करू शकतो’ हवं होतं. ‘पण’च्या पुढचं त्यांना नको होतं.

मी खोटं काहीच बोललो नव्हतो आणि तरी प्रत्येक ‘हो’ला लाख-पन्नास हजार कमी होत असल्यासारखं वाटत होतं. हीच उत्तरं नोकरीच्या मुलाखतीत दिली असती तर काम लागलं असतं. बाहेर येऊन मी आमच्या वकिलांवर चिडलो, तुम्ही मधे का बोलला नाहीत म्हणून. ते म्हणाले, ‘भाऊ, तो काही चुकीचं विचारत नव्हता. तक्त्यात साठच आहे. आपली लढाई तक्त्याशी हाये.’ घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, ‘दोन पाय असलेली पोरं चौकात बसून हायेत, त्याइले कोन पावत्या लिहाले बोलावते? अन् तुमाले बोलावतीन?’ वकिलांच्या तोंडी यायला हवं होतं ते वाक्य हे.

आमच्या वकिलांनी मग सुप्रीम कोर्टाचे दोन निकाल लावले. 2008 चा के. जनार्दन यांचा, ते टँकर ड्रायव्हर. त्यांचाही उजवा पाय गुडघ्यापासून गेला होता. हायकोर्टानं 65 टक्के धरले होते, सुप्रीम कोर्टानं शंभर केले. ड्रायव्हर एका पायानं ड्रायव्हर राहत नाही, साधी गोष्ट. दुसरा राजकुमार विरुद्ध अजय कुमार, ऑक्टोबर 2010 चा. त्यात कोर्टानं शरीराचं अपंगत्व वेगळं आणि कमाईचं नुकसान वेगळं असं समजावून सांगितलंय, आणि उदाहरण कोणाचं दिलं तर ड्रायव्हर नि सुताराचं. डावा हात गेला तर डॉक्टर साधारण साठ टक्के लिहितील, पण ड्रायव्हरची कमाई जवळपास शंभर टक्के गेली, कारकुनाची कदाचित जाणारही नाही. मला आश्चर्य याचं वाटतं की हे इतक्या वर्षांपूर्वी ठरलेलं असताना माझ्यासारख्या प्रत्येकाला पुन्हा पहिल्यापासून का भांडावं लागावं. कंपनीच्या वकिलांना हे निकाल आमच्या वकिलांपेक्षा जास्त पाठ असणार. पण दहातले सहा जण साठ टक्क्यांवर तडजोड करून गप्प बसत असतील, तर भांडणं परवडतं त्यांना. हा माझा अंदाज.

निकाल शंभर टक्क्यांचा लागला, वर 12 टक्के व्याज. आमचे वकील म्हणाले होते की कंपनी नागपूरला अपिलात जाईल, तयारी ठेवा. गेली नाही. रक्कम भरून मोकळी झाली. इतकी वर्षं ज्या शेठची गाडी मी चालवली, त्यानं मात्र जबाबात पगार कमी लिहिला आणि ‘मी फोन करतो तुले’ म्हणून जो गेला तो गेलाच. तेव्हा कंपनीला शिव्या घालताना मला हेही आठवतं की पैसे शेवटी तिनंच दिले.

आणि आणखी एक. शंभर टक्के कमाई गेली असा शिक्का मिळाल्यावर घरात पेढे वाटले गेले, पण मला ते कोर्टाचं वाक्य वाचवेना. त्यानंतरच्या कापसाच्या हंगामात मी एका जिनिंगमध्ये कामाला लागलो. वजनकाट्यावर. पावत्या लिहायला. कंपनीच्या वकिलांनी सुचवलेलं तेच काम! नोव्हेंबर ते मार्च, ट्रकवर मिळायचे त्याच्या निम्म्याहून कमी पैसे, आणि हंगाम संपला की घरी. आता सांगा, वकील खरा की कोर्ट खरं? मला वाटतं कोर्टच, कारण पाच महिन्यांच्या पावत्या म्हणजे चाळीस टक्के कमाई नव्हे. पण काट्यावर बसलो की त्या वकिलांचा चेहरा आठवतो, हे खोटं कसं बोलू.

या सगळ्यात ज्यानं कमाई विचारली नाही असा एकच विमा भेटला. बँक खात्यातून वर्षाला 12 रुपये कापले जायचे त्याचा, पंतप्रधान सुरक्षा विमा. एक पाय, एक लाख. पोलिसांचा कागद, दवाखान्याचा कागद, बँकेत फॉर्म, झालं. आता हप्ता 20 रुपये आहे. वर्ष जूनपासून धरतात, तेव्हा मेअखेरीस खात्यात तेवढे पैसे राहू द्या आणि कापले गेले की नाही हे पासबुकात बघा. आमच्या चौकातल्या निम्म्या ड्रायव्हरांच्या खात्यात तेव्हा वीस रुपयेही नसतात.

मिळालेल्या पैशातून कर्ज फिटलं, पोरीच्या शिक्षणाला लागले, आणि एक स्कूटर घेतली. मागं दोन जोडचाकं बसवली, आरटीओत तशी नोंद केली, त्या प्रकारचं लायसन्स काढलं. नोंद कराच, नाहीतर अपघात झाल्यावर कंपनी पहिलं बोट तिथंच ठेवते. त्याच कंपनीत तिचा विमा काढताना मी टेबलावरच्या साहेबांना म्हणालो, दिव्यांगाच्या गाडीला स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात 50 टक्के सूट असते, मोटार टॅरिफमध्ये बारा नंबरचं कलम आहे. त्यांनी कॉम्प्युटरमध्ये पाहिलं, शेजारच्याला विचारलं, मग मलाच विचारलं की हे तुम्हाला कोणी सांगितलं. सूट मिळाली. स्कूटरच्या हप्त्यात मोठा भाग थर्ड पार्टीचा, वर्षाला 714 रुपये, त्याला सूट नाहीच. त्यामुळं वाचलं ते किरकोळ. पण मी सोडलं नाही.

आता मी गाडीचा मालक आणि ड्रायव्हर दोन्ही, म्हणजे तो 15 लाखांचा विमा या वेळी खरंच माझा. मी साहेबांना विचारलं, ‘यात एक पाय गेला तर निम्मे, दोन गेले तर पूर्ण. माझा एक आधीच गेलेला आहे. उद्या दुसरा गेला तर तुम्ही एक धरणार की दोन?’ ते हसले, मग हसायचे थांबले. म्हणाले, लिहून द्या, वर पाठवतो. लिहून दिलं. वर्ष उलटून गेलं, उत्तर नाही.

त्याच टेबलावर मी वेगळ्या अपघात विम्याचा अर्ज भरला. तिथं रक्कम कमाईच्या पटीत ठरते. व्यवसायाच्या रकान्यात काय लिहू? एप्रिल होता, हंगाम संपलेला. साहेब म्हणाले, आत्ता काय करता ते लिहा. ‘सध्या काम नाही’ असं लिहिलं, आणि नकाराचा कागद पोस्टानं घरी आला. कोणी म्हणालं ‘शेतकरी’ लिहायचं होतं, आमच्या तालुक्यात कोण विचारतं. पण मग उद्या दावा आला की हेच खोटं म्हणून काढतील, तेही मला माहीत आहे.

2023 च्या फेब्रुवारीत विमा नियामकानं सगळ्या कंपन्यांना दिव्यांगांसाठी आरोग्य विम्याची पॉलिसी आणायला लावली. दिल्ली हायकोर्टानं त्याआधी कान धरला होता म्हणून. ते आरोग्याचं. कमाई नसलेल्या अपंग माणसाच्या अपघाताचं काय, ते अजून ज्याच्या-त्याच्या टेबलावर ठरतं. या नोव्हेंबरात काट्यावर बसलो की मी तोच अर्ज पुन्हा भरणार आहे. तेव्हा मी कमावता असेन. पाच महिने तरी.